उन्हाळ्यात पोरांना घेऊन कात्रजला निघालाय? या चुका टाळा

शाळांचे निकाल लागले की आमच्या कॉलनीत दरवर्षी तोच बेत शिजतो. पोरांना वाघ दाखवायचा. म्हणजे पुण्याला जायचं, कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात. सोलापुरातून साधारण अडीचशे किलोमीटर. गाडी कुणाची, डिझेल कोण टाकणार, पुढच्या सीटवर कोण बसणार, धपाटे कुणाच्या घरचे, यावर रात्र-रात्र चर्चा चालते. तिथं किती वाजता पोचायचं, एवढं मात्र कुणी विचारत नाही. मग हीच मंडळी भाजून निघालेल्या तोंडानं परत येतात आणि कट्ट्यावर बसून सांगतात, "काय नाय ओ तिथं. सगळी जनावरं झोपलेली."

झोपणारच की! मे महिन्यात दुपारी दीडला तुमच्या घरी कुणी आलं तर तुम्ही तरी काय करत असता?

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: भर दुपारी पोचणं

वाघ, बिबट्या, अस्वल ही मंडळी मुळात पहाटेची आणि संध्याकाळची. त्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळं ऊन चढलं की धापा टाकत सावलीत पडायचं किंवा पाण्यात बसायचं, एवढंच त्यांच्या हातात असतं. सिंह तर थंडीतसुद्धा दिवसाचे बरेच तास लोळून काढतो. संग्रहालयवाले उन्हाळ्यात फवारे लावतात, हौदात पाणी भरतात, पण वाघाला दुपारी बाराला पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला आणून उभं करणं कुणाच्याच हातात नाही.

आमच्या दाजींना हे मी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं होतं. गेट साडेनऊच्या सुमारास उघडतं, तेव्हा पहाटे चारला निघू. दाजी म्हणाले, "आवो, चारला कोण उठतंय? निवांत निघू. एसी हाय की गाडीला." निवांत म्हणजे पूजा, चहा, पोहे आणि मग शेजारच्या काकूंचा निरोप घेऊन सव्वासात. टेंभुर्णीला पुन्हा चहा. भिगवणला बारक्याला उलटी. हडपसरला ती जगप्रसिद्ध गर्दी. कात्रजच्या गेटवर उतरलो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि गाडीतल्या गारव्यातून थेट तव्यावर पाय ठेवल्यासारखं झालं. दाजींचे वडील तर पट्ट्याच्या जुन्या चपलेत आलेले, तिचा अंगठा वीस पावलांत तुटला.

तिकिटं काढून आम्ही सरळ वाघाकडं गेलो. वाघ होता. लांब, मागच्या भिंतीच्या सावलीत, आमच्याकडं पाठ करून. दिसत होती ती शेपटी, आणि तीही हलत नव्हती. बारका म्हणाला, "हा खोटा हाय." दाजींनी शिट्टी मारली. पहारेकऱ्यानं दाजींना झापलं. अस्वल तर दिसलंच नाही. तेवढ्यात भाचीचं डोकं दुखायला लागलं, तोंड लालबुंद झालं, चिडचिड सुरू झाली. दाजींनी तिला थंडगार कोल्ड्रिंक पाजलं आणि पाच मिनिटांत ते सगळं बाहेर आलं. मग पुढचा तासभर कुटुंब एका झाडाखाली. ओढण्या ओल्या करून पोरीच्या मानेवर, कपाळावर, काखेत ठेवायच्या, ओआरएसचं पाणी घोट-घोट पाजायचं. पोरगी सावरली, पण पुढं काही बघायची इच्छा कुणातच उरली नाही.

परतीच्या वाटेवर जेवायला थांबलो तर शेजारच्या टेबलावर एक अनोळखी कुटुंब, तेही कात्रजलाच निघालेलं. दाजी त्यांना अधिकारवाणीनं सांगत होते, "उगा जाऊ नका. बघण्यासारखं कायच नाय."

तर माझी पद्धत अशी. आदल्या संध्याकाळीच पुणं गाठायचं. पुण्यात नातेवाईक नाही असा सोलापूरकर अजून मला भेटायचाय. हडपसरला मामेभाऊ असतो, वारज्याला आत्या असते. लाज सोडून फोन करायचा, जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा पुडा न्यायचा, सगळे खूश. सकाळी नऊला गेटवर. पहिले दोन तास वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं. बाराच्या आत बाहेर. एवढं केलं तर या लेखातल्या निम्म्या चुका तुमच्याकडून होणारच नाहीत.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी नीट हिशोब करावा. हुतात्मा एक्सप्रेस चांगली गाडी आहे, माझी लाडकी आहे, पण ती पहाटेची निघून पुणं स्टेशनला पोचेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात. तिथून कात्रज दहा-बारा किलोमीटर. म्हणजे पुन्हा तेच, भर दुपार. हुतात्मानं जायचं तर दुपार नातेवाइकांकडं पंख्याखाली काढा, चारच्या सुमारास आत शिरा आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत या. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा हट्ट असेल तर प्राणी बघायचं विसरा. आणि तिकीट खिडकी संग्रहालय बंद व्हायच्या आधीच बंद होते, हेही लक्षात ठेवा.

"आमी सोलापूरचे, आमाला काय ऊन लागतंय"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो, पुण्यात ३८-३९ वर असतो, म्हणून आपली माणसं तिथल्या उन्हाला हसतात. पण जरा विचार करा. ४३ अंशांत तुम्ही सोलापुरात काय करता? दुपारी बारा ते चार दार लावून, कूलरसमोर, खिडकीला ओलं पडदं. बाजारपेठसुद्धा सुस्तावलेली असते. ऊन सोसायची आपली ख्याती आहे खरी, पण ती ऊन टाळण्यातनं आलीय. कात्रजला तुम्ही त्याच दुपारी कडेवर पोर आणि खांद्यावर पिशवी घेऊन चालत असता.

आणि चालणं थोडंथोडकं नाही. घरातल्या आजी-आजोबांच्या डोक्यात अजून जुनं पेशवे पार्क असतं. फुलराणी ही छोटी आगगाडी, आटोपशीर बाग, तासाभरात फिरून भेळ खायला मोकळे. १९९९ साली कात्रजला हे नवं संग्रहालय सुरू झालं आणि पुढं पेशवे पार्कातले प्राणीही इकडंच हलवले. त्याचा पसारा तळं धरून सुमारे १३० एकर आहे. बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण रविवारी त्यांची रांग बघून माणूस चालणंच पसंत करतो. म्हाताऱ्या माणसांना गाडीचं तिकीट आल्या-आल्या काढून द्या. "बघू, दमलो तर घेऊ" म्हणणारे दमल्यावर त्याच रांगेत उभे असतात.

आपल्या घरच्या बायका अशा सहलीत पाणीच पीत नाहीत. कारण सगळ्यांना माहीत आहे: स्वच्छतागृह कुठं असेल, कसं असेल, याची धास्ती. यावर उपाय पुरुषांनी करायचा. आत शिरल्या-शिरल्या स्वच्छतागृह कुठं आहे ते बघून यायचं आणि सगळ्यांना सांगायचं. मग बघा, बाटल्या आपोआप रिकाम्या होतात.

ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. मेडिकलमधून ओआरएसचीच पाकिटं घ्या आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे चिमटी टाकू नका, जास्त मीठ लहान पोराला त्रासाचं ठरतं. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड इथपर्यंत सावली, ओलं फडकं आणि घोट-घोट पाणी. पण अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात. तिथं घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

डब्याचा अट्टहास

बटाट्याची भाजी, दहीभात, शिरा. पहाटे केलेला हा डबा बंद गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवायचा आणि मग पोरांना खायला घालायचा. बाहेर ३८ अंश असताना उन्हातली बंद गाडी आतून तासाभरात ५० च्या पुढं जाते. त्यात दहीभाताचं काय होत असेल? (याच कारणानं झोपलेलं पोर "पाच मिनिटं" म्हणून गाडीत ठेवणाऱ्या माणसाशी मी बोलणं सोडून देईन.) इन्सुलिन, औषधाच्या बाटल्याही डिकीत नकोत.

आपल्याकडं देवानं कडक भाकरी दिलीय. शेंगाचटणी दिलीय. दोन्हींना उन्हाळ्याचं काही वाटत नाही, आठवडाभर टिकतात. सोबत कांदा, काकडी, गूळ. ताक प्यायचं तर पुण्यात ताजं घ्या. आणि खाणं गेटच्या बाहेर, आत जायच्या आधी किंवा आल्यावर. आत फक्त पाणी. गेटवर पिशव्या तपासतात, तिथं स्टीलचे सात डबे उघडून दाखवत बसाल तर सकाळचा गार तास रांगेतच जातो.

बारक्या चुका, ज्या दरवर्षी होतात

बुधवारी जाणं. बुधवारी बंद असतं. होय, दरवर्षी कुणीतरी जातंच.

नवे बूट. काळा टी-शर्ट. टोपी गाडीत राहिली. एकाच फोनवर सगळ्यांची तिकिटं आणि त्याची बॅटरी ९ टक्के.

१ मे किंवा सुट्टीचा रविवार निवडणं. मंगळवार, गुरुवार काढा, रजा टाका.

पोराच्या हातावर पेनानं फोन नंबर न लिहिणं. स्टिकर, बिल्ले वगैरे घामानं निघून जातात. बॉलपेन बरं.

"वाघ डरकाळी फोडणार हं!" असं घरातूनच कबूल करून आणणं. तुम्ही कोण कबूल करणारे?

खाऊ टाकणारे आणि आरडाओरडा करणारे

सांबराला चिवडा, माकडाला बिस्किट, मगरीला खडा. मगर आ वासून पडलेली दिसली की लोकांना वाटतं तिला भूक लागलीय. अहो, ती तोंड उघडं ठेवून अंगातली उष्णता बाहेर काढतेय. आधीच उन्हानं बेजार झालेल्या जनावराला तुम्ही दगड मारून हलवायला बघता आणि पोराला वर सांगता, "बघ कशी हालली!" वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीनं सुधारणारी माणसं मी फार बघितली नाहीत. माझा उपाय वेगळा आहे. सोबतच्या सगळ्यात आगाऊ पोराला "आज कुणी खाऊ टाकला तर तू त्याला अडवायचं" असं काम देतो. मग तो आपल्या बापालासुद्धा सोडत नाही.

गप्प उभं राहिल्याचा फायदाही मिळतो. दहा मिनिटं एकाच पिंजऱ्यासमोर हलायचं नाही, असा माझा नियम आहे. घाईतली कुटुंबं येतात, "कुठाय, कुठाय, नाय दिसत, चला" करत निघून जातात. त्यांची पाठ वळली की झुडपातून बिबट्या उठून पाणी प्यायला येतो. सगळं बघायचा हट्ट धरणाऱ्यांना सगळ्याच्या पाट्या वाचायला मिळतात. पाच-सहा प्राणी ठरवून जा. सर्पोद्यान पुढच्या वेळेला ठेवा.

तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर

कात्रजचा बेतच रद्द करा. एवढ्याशा जिवाला अडीचशे किलोमीटर नेऊन त्याला वाघ आणि मांजर यातला फरक कळत नाही, आणि तुमची कंबर मोडते ती वेगळीच. त्यापेक्षा नान्नजला जा. सोलापूर शहरापासून वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. पहाटे पोचलात तर उघड्या माळावर काळविटांचे कळप दिसतात, नशीब असेल तर खोकड, लांडगा. माळढोक दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका, तो आता फार दुर्मीळ झालाय. वनखात्याच्या माणसाला विचारून, त्याच्याबरोबरच आत जायचं, गाडी गवतात घालायची नाही, पोराला लाल-पिवळं झगमगीत घालायचं नाही. माळावर सावली अशी नाहीच. म्हणून सूर्य उगवायच्या आत तिथं, आठ-साडेआठला परतीच्या वाटेवर, आणि नाष्टा घरी येऊन.