फ्रेशर्सची बॅच घेताय? आधी त्यांना दूध संस्थेत न्या

आमची कंपनी कोल्हापुरात आहे, पंच्याऐंशी माणसांची. दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करतो. सभासदानं दूध घातलं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि त्याशिवायचा दुधातला घन भाग) लागलं, दर बसला, पावती निघाली, दहा दिवसांनी बिल. एवढंच काम, पण त्यात चूक झाली की गावात बोंब होते. तीन वर्षं अनुभव असलेला डेव्हलपर इथं सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर दिवाळीच्या आत पुण्याला जातो. शेवटी सहा वर्षांपूर्वी मालक म्हणाले, "मॅडम, आपणच पोरं तयार करूया." तेव्हापासून दर जुलैला बारा जणांची बॅच घेते. सोळा आठवड्यांचं ट्रेनिंग, आमची अकॅडमी म्हणा. आमच्यासारख्याच दोन-तीन कंपन्यांनी "कसं करता?" म्हणून विचारलं, तर एकदा नीट लिहूनच टाकते.

पहिली बॅच मी वाया घालवली, तिथून सुरुवात करते. डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्यांचं ट्रेनिंग होतं. इन्फोसिसचा म्हैसूरचा कॅम्पस तीनशेहून जास्त एकरांचा. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा एक हॉल आणि बारा खुर्च्या. तरी नक्कल तीच केली. आठ आठवडे स्लाइड, जावा, एसक्यूएल, दर शनिवारी परीक्षा. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला नवव्या आठवड्यात सांगितलं, "पावतीवर सभासदाच्या नावाआधी त्याचा नंबर येऊ दे." एका ओळीचं काम. दोन दिवस तो नुसता फाइली उघडून बंद करत होता. त्याला लूप, जॉइन, इनहेरिटन्स सगळं येत होतं. चार लाख ओळींच्या कोडमध्ये पावती कुठं छापली जाते हे शोधायचं कसं, ते कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

दोष त्याचा नव्हता. इंजिनियरिंगची चार वर्षं आपण सगळ्यांनी जर्नल लिहिली आहेत. सिनियरची फाइल घ्यायची, प्रोग्रॅम हातानं उतरवायचा, आउटपुटही उतरवायचं, सही घ्यायची. सगळे प्रोग्रॅम कोऱ्या पानावर सुरू होणारे आणि तीस ओळींत संपणारे. नोकरीत कोरं पान कुणी देत नाही. दुसऱ्यानं लिहिलेला, अर्धवट कळलेला, तरीही चालू असलेला कोड मिळतो. अकॅडमीनं शिकवायचं ते हे. भाषा शिकवायला यूट्यूब आहे.

निवड

टक्क्यांची अट काढा. साठ टक्क्यांची चाळणी लावली की एका एटीकेटीमुळे मागे राहिलेली चांगली पोरं जातात. मी साठ ओळींचा एक चालणारा प्रोग्रॅम कागदावर छापून देते. वीस मिनिटं वाचायला, मग समोर बसून सांगायचं की हा काय करतो. त्यात एक चूक मुद्दाम ठेवलेली असते. ती सापडली नाही तरी चालतं. मी एवढंच ऐकत असते की "ही ओळ मला कळली नाही" असं कोण म्हणतं आणि कोण थापा मारतं. थापा मारणाऱ्याला घेऊ नका, कितीही हुशार असला तरी.

पहिला आठवडा: पहाटे पावणेसहा

सोमवारी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), मंगळवारी आमचं सॉफ्टवेअर नुसतं वापरायचं. गुरुवारी सगळ्यांना करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत घेऊन जाते. सकाळचं संकलन चालू असतं. खिडकीपुढं रांग, किटल्या, ओली फरशी. आत ऑपरेटर बसलेला. डावा हात नमुन्याच्या बाटलीवर, उजवा कीबोर्डच्या आकड्यांवर. सभासद म्हणतो, "एकशे सत्तेचाळीस." टकटकटक, एंटर. वजन काट्यावरून आपोआप येतं, फॅट मशीनवरून, पावती फाडून बाहेर. स्क्रीनकडे तो बघतही नाही. आम्ही घड्याळ लावून मोजलं होतं: माणशी चौदा सेकंद.

एका वर्षी आमच्या एका शिकाऊ मुलानं सेव्ह करण्याआधी "खात्री आहे का?" अशी छान खिडकी उघडवली होती, माऊसनं "हो" दाबायचं. ऑफिसात सगळ्यांना आवडली. संस्थेत गेल्यावर त्यानं स्वतःच पाहिलं की माऊससाठी हातच मोकळा नाही. सभासद एकशे ऐंशी, प्रत्येकी तीन सेकंद जास्त, म्हणजे नऊ मिनिटं. तेवढ्यात टेम्पो येऊन उभा राहतो. वर एका म्हाताऱ्या सभासदानं त्यालाच धरलं, "काय रं, फॅट कमी दावतंय, ते तुमच्याच कंपनीचं का?" परत येताना गाडीत पोरगा गप्प होता. ऑफिसात आल्यावर कुणी न सांगता त्यानं ती खिडकी काढली.

तुमचं सॉफ्टवेअर दवाखान्याचं असेल तर केस पेपरच्या खिडकीशी उभं करा, गोदामाचं असेल तर गोदामात. एक सकाळ पुरते.

दुसरा ते सातवा आठवडा: मेलेले बग

अकॅडमीचा कणा हा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या गेल्या पाच-सात वर्षांच्या तक्रारींतून दुरुस्त होऊन गेलेले चाळीसेक बग (प्रोग्रॅममधल्या चुका) निवडा. प्रत्येकासाठी गिटमध्ये दुरुस्तीच्या आधीच्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) जाऊन एक ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढा. शिकाऊला ती ब्रँच द्या आणि मूळ तक्रार, जशी आली होती तशी. सुधारून लिहू नका. "मॅडम बिल चुकलंय लगेच बघा" एवढीच असेल तर एवढीच द्या. शोधणं, चूक पुन्हा घडवून दाखवणं, दुरुस्त करणं, मग आपल्या जुन्या दुरुस्तीशी ताडून बघणं. उत्तर आधीच माहीत असल्यानं मेंटॉरचा वेळ वाचतो, आणि कोड खरा असल्यानं पोरं आपलं सॉफ्टवेअर आतून बघतात.

दर वर्षी सगळ्यांना देते तो एक बग असा. एका दूध संस्थेच्या सचिवांची तक्रार: "११ तारखेच्या सकाळचं काही सभासदांचं दूध मागच्या बिलात गेलंय." सगळ्यांचं नाही, काहींचंच. पोरं सभासदांची यादी करतात, त्यांचे नंबर बघतात, गाय-म्हैस बघतात, दर बघतात. एक-दोघं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत दरपत्रकातच अडकतात. मग कुणीतरी पावत्या वेळेप्रमाणं लावतं, आणि दिसतं की सगळ्या साडेपाचच्या आधीच्या आहेत. सर्व्हर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, आपण साडेपाच तास पुढं. ११ तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी १० तारखेच्या रात्री अकरा चाळीसचं, आणि बिल १० तारखेला संपतं. हे स्लाइडवर सांगितलं असतं तर चहाबरोबर विसरली असती. दीड दिवस डोकं आपटल्यावर जन्मात विसरत नाहीत.

दुसरा लाडका बग एसएमएसचा. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. एका संस्थेनं मजकूर मराठी केला आणि एसएमएसचा खर्च एकदम चढला. एकाचे तीन मेसेज जात होते. त्यातच पोरांना कळतं की "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण संगणक सात मोजतो. पैशांच्या बेरजेत पैसा-दोन पैसे का हलतात, तो दशांशाचा बगही ठेवा. फॅटचा दर लावताना हमखास लागतो.

चाळीसपैकी काही बग गिट बायसेक्टनं (कमिटची यादी दर वेळी निम्मी करत शोधायची सोय) सोडवायला लावा. हजार कमिटमधून बिघडवणारा कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो, हे स्वतः करून बघितलं की तोंडं बघण्यासारखी होतात.

विचारायचं कसं

चंदगडकडची एक मुलगी दोन दिवस एका जागी अडकली होती. विचारलं की "चालू आहे मॅडम." शेवटी बघितलं तर तिच्या मशीनवर डेटाबेसचा पासवर्डच चुकीचा होता. मी विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?" म्हणाली, "तुम्हाला वाटलं असतं, एवढंही येत नाही." त्या दिवसापासून भिंतीवर नियम आहे: अर्धा तास स्वतः, मग विचारायचंच. आणि विचारताना तीन ओळी लिहायच्या: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. मराठीत लिहा, चालतं. इंग्रजीच्या भीतीनं निम्मे प्रश्न पोटातच राहतात. कमिट मेसेज मात्र इंग्रजीत, सगळी टीम वाचते म्हणून. सिनियरांनीही रोज एक प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचा, असं आम्ही ठरवलंय. दहा वर्षांचा अनुभवी माणूस "मला हे आठवत नाही" म्हणतो, तेव्हा बारा जणांचे खांदे सैल पडलेले दिसतात.

एआयचं काय? बंदी घालून बघितली, पोरं मोबाइलवर वापरतात. आता मोकळीक आहे, पण दर पुल रिक्वेस्टला (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीला) ओरल. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून मी विचारणार, "ही काढली तर काय होईल?" सांगता आलं नाही तर मर्ज नाही, बदल आत घेत नाही. कॉलेजातला एक्स्टर्नल परवडला, असं मागून म्हणतात, ते मला माहीत आहे.

मेंटॉर

आठव्या आठवड्यापासून खरी तिकिटं (नोंदवलेली कामं), छोटी छोटी, दोनशे ओळींच्या आतली. तीन शिकाऊंमागं एक मेंटॉर. इथंच बहुतेक अकॅडम्या बसतात, कारण मेंटॉरला त्याचं नेहमीचं काम जसंच्या तसं असतं आणि "जमेल तसं पोरांकडे बघ." जमत नाही. पोरगं सकाळी पुल रिक्वेस्ट टाकतं, रिव्ह्यू तिसऱ्या दिवशी, तोवर ते विसरलेलं असतं. मालकांशी मी भांडून घेतलं: मेंटॉरची तिकिटं निम्मी, आणि रिव्ह्यू त्याच दिवशी. त्या चार महिन्यांत बाकीच्या कामाला उशीर होतो. तो होणार हे आधीच सांगून टाका. आणि सगळ्यात हुशार माणसाला मेंटॉर करू नका. तो कीबोर्ड ओढून घेऊन स्वतःच करून टाकतो.

पैसे आणि कागद

स्टायपेंड पहिल्या दिवसापासून द्या. शिकण्याचे पैसे मागू नका. तीस किंवा जास्त माणसं असतील तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणं एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. आमच्या पंच्याऐंशीला पंधरा टक्के म्हणजे बाराच. बॅच बाराची आहे ती त्यामुळंच. सरकारी अप्रेंटिस पोर्टलवर नोंदणी आधी करा, पोरं आल्यावर धावपळ नको.

बाँडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता आणि मूळ मार्कशीट कंपनीच्या कपाटात. बहिणीच्या लग्नाला आले होते, तेव्हाही डोक्यात ते कपाटच. आम्ही मूळ कागद बघतो आणि तिथल्या तिथं परत देतो. काही जण सोडून जातात. गेल्या बॅचचे तिघं पुण्याला गेले, त्यातल्या एकीनं नंतर तिच्या चुलतभावाला आमच्याकडे पाठवलं.

बारातले एक-दोन डेव्हलपर होत नाहीत. त्यांना सोळाव्या आठवड्यात सांगू नका, दहाव्यात सांगा. आमचा सपोर्टवरचा सगळ्यात चांगला माणूस असाच दुसऱ्या बॅचमधून आला. कोड त्याला कंटाळवाणा वाटायचा, पण सचिवांशी फोनवर अर्धा तास न चिडता बोलतो.

बाकी हॉल, प्रोजेक्टर, सर्टिफिकेटचा कागद, ते तुमचं तुम्ही बघा. संस्थेच्या सचिवांना मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करा, बारा जण येणार म्हणून. आणि पोरांना सांगा, नव्या नोकरीचे नवे बूट घालून येऊ नका, फरशी ओली असते. चपला बऱ्या.