अनेक ठिकाणी विक्री करताय? ईआरपी निवडताना या चुका टाळा

दुकानाचं काउंटर, स्वतःची वेबसाइट, दोन-तीन मार्केटप्लेस (अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारखी) आणि शिवाय फोनवर येणाऱ्या ऑर्डरी. विक्री इतकी पसरली की एक्सेल पुरत नाही आणि ईआरपीचा, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, शोध सुरू होतो. डेमोत सगळं छान चालतं. पण डेमोतला माल कधी परत येत नाही, फुटत नाही आणि एकच नग दोघांना एकाच वेळी हवा नसतो. माझ्या मते पारखायचं ते एवढंच: फळीवर जितके नग आहेत तितकेच स्क्रीनवर दिसतात का? दिसत नसतील तर फरक कुठे पडला ते सापडतं का?

‘स्टॉक सिंक होतो’ या उत्तरावर समाधान मानणं

सिंक म्हणजे सगळ्या ठिकाणचा साठ्याचा आकडा आपोआप जुळणं. तो किती वेळाने होतो, ते विचारा. समजा, दर १५ मिनिटांनी होतो आणि एका वस्तूचा शेवटचा नग उरलाय. १० वाजून २ मिनिटांनी तो काउंटरवर विकला गेला. मार्केटप्लेसला हे १० वाजून १५ मिनिटांनी कळणार. मधे, १० वाजून ९ मिनिटांनी, तिथे कुणीतरी तोच नग मागवला. आता ती ऑर्डर आपल्याला रद्द करावी लागते आणि रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण मार्केटप्लेस विक्रेत्याच्या खात्यावर मोजत असतं.

म्हणून विक्री झाल्याक्षणी निरोप जातो की ठरावीक वेळाने, हे लेखी घ्या. प्रत्येक चॅनलला, म्हणजे विक्रीच्या ठिकाणाला, वेगळा राखीव साठा ठेवता येतो का, तेही पाहा. म्हणजे हातात ५ नग असताना ऑनलाइन ३ दाखवायचे. ही सोय वस्तूनिहाय हवी. सगळ्या मालावर सरसकट २ नग राखून ठेवले, तर ज्या वस्तू मुळात दोन-दोनच ठेवता त्या ऑनलाइन कधी दिसणारच नाहीत. काउंटरचं इंटरनेट गेलं तर बिलं होतात का आणि परत आल्यावर ती कोणत्या क्रमाने चढतात, हे डेमोत वायर काढूनच बघावं.

सेट विकत असाल तर आणखी एक चाचणी घ्या. शाम्पू ४० आणि कंडिशनर ७ असतील तर दोघांचा सेट ७ दिसायला हवा, आणि एक सेट गेला की दोन्हीकडून एकेक वजा व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी सेटचा स्टॉक वेगळा, हाताने भरावा लागतो. तसं असेल तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही.

कचरा तसाच नव्या घरात नेणं

एकच वस्तू दुकानात एका कोडने, वेबसाइटवर दुसऱ्या नावाने आणि मार्केटप्लेसवर तिसऱ्याच कोडने असते. खरेदी पेटीत, विक्री नगात. पेटीत १२ की २४ हे फक्त गोडाऊनमधल्या माणसाला ठाऊक. हे निस्तरल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर आकडा बरोबर दाखवू शकत नाही.

टार्गेट या अमेरिकी साखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली. तिथल्या नव्या प्रणालीत मालाची माहिती घाईने भरली गेली. कुठे सेंटीमीटरच्या जागी इंच, कुठे लांबीच्या जागी रुंदी. गोदामं भरलेली आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या, अशी वेळ आली. २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करून कंपनी कॅनडातून बाहेर पडली. कारणं इतरही होती, पण चुकीच्या माहितीचा वाटा मोठा होता.

एक बारीक गोष्ट हमखास नडते. १३ अंकी बारकोड एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला की तो घातांकी रूपात दिसतो, आणि फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात. शून्याने सुरू होणाऱ्या कोडचं शून्यही गळतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच डेटा टाका.

परत आलेला माल आणि सेटलमेंट शेवटी बघू म्हणणं

सॉफ्टवेअर विकणाऱ्यासमोर एक पूर्ण फेरी करून घ्या: ऑर्डर, पाठवणी, दोनपैकी एकच नग परत, तोही खोका फाटलेला. तो नग आपोआप विक्रीयोग्य साठ्यात गेला, तर उद्या तोच दुसऱ्या ग्राहकाला जाईल. तपासणी होईपर्यंत त्याला वेगळी जागा हवी. मार्केटप्लेसकडून पैसेही ऑर्डरीमागे सुटे येत नाहीत. कमिशन, वाहतूक, परताव्याची वजावट कापून एकरकमी येतात. ती रक्कम ऑर्डरनिहाय फोडून ताळमेळ लावता येत नसेल, तर कोणत्या वस्तूवर कमावतो आणि कोणत्यावर गमावतो हे कळायला मार्गच नाही.

सॉफ्टवेअर वाकवत बसणं

लिडल या जर्मन साखळीने २०११ मध्ये सॅप या कंपनीचं ईआरपी बसवण्याचं काम हाती घेतलं. लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत असे आणि सॅपची तयार प्रणाली विक्री किमतीवर. बदल करत करत सात वर्षं गेली आणि बातम्यांनुसार सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला. आपल्या कोणत्या पद्धती धंद्याचा कणा आहेत आणि कोणत्या नुसत्या सवयी, हे खरेदीआधी कागदावर काढा. सवयी बदला. कण्याशी जुळत नसेल तर दुसरं सॉफ्टवेअर शोधा.

आधीच घेतलंय आणि स्टॉक जुळत नाही?

मोजणी करून आकडे दुरुस्त करण्याची घाई नको, त्याने पुरावा पुसला जातो. जास्त फरक असलेल्या १० वस्तू घ्या आणि मागच्या मोजणीपासूनची प्रत्येक नोंद ऑर्डर नंबराशी ताडून पाहा. स्क्रीनवर जास्त दिसत असेल तर परत आलेला नग दोनदा जमा झालाय का, ते आधी बघा: एकदा मार्केटप्लेसकडून आपोआप, एकदा गोडाऊनमधून हाताने. कमी दिसत असेल तर रद्द ऑर्डरींनी अडवलेले नग सुटलेत का, ते तपासा. दोन वस्तूंमध्ये एकीकडे जेवढी वाढ तेवढीच दुसरीकडे घट असेल, तर लिस्टिंग (वस्तूचं ऑनलाइन पान) चुकीच्या कोडला जोडली गेली आहे. कारण सापडून ते बंद केल्यावरच मोजणी करा आणि ती चालू असेपर्यंत त्या वस्तूंची विक्री सगळीकडे थांबवा.