क्षयरोगाच्या संस्थेत जनसंपर्क शिकताना

जनसंपर्क म्हणजे चारचौघांत चांगलं बोलता येणं, एवढ्या समजावर मी या अभ्यासक्रमाला आले होते. इंटर्नशिपच्या तीन महिन्यांत मी बोलले कमी आणि खोडलं जास्त. क्षयरोगावर काम करणारी ती एक मध्यम आकाराची धर्मादाय संस्था. जनसंपर्क विभागात आम्ही दोघीच होतो, विभागप्रमुख (त्यांना सगळे ताई म्हणायचे) आणि मी. मागच्या वर्गातली मुलं हल्ली विचारत असतात की अर्ज कसा केलास, काम काय असतं, त्याचा पुढे उपयोग होतो का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

अर्जाचं आधी. बायोडेटा आपल्या सगळ्यांचे सारखेच असतात, त्यामुळे त्यावर फार जीव टाकू नका. मी संस्थेचं एक जुनं प्रसिद्धिपत्रक शोधलं. त्यात पहिले तीन परिच्छेद प्रमुख पाहुण्यांची नावं होती आणि खरी बातमी, म्हणजे नवं तपासणी केंद्र सुरू झाल्याची, चौथ्यात. ते मी एका पानात नव्याने लिहिलं आणि काय बदललं, का बदललं हे दोन ओळींत सांगून अर्जाला जोडलं. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या पानावरच गेला. ताईंनी त्यातलीही एक चूक काढलीच, पण काम मिळालं. आणि हो, धर्मादाय संस्था आहे म्हणून मानधनाचं विचारायचं नाही, असं काही नसतं. विचारा. मानधन नसेल तर प्रवासखर्चाचं विचारा. माझं लिखाण कोण तपासणार, हेही विचारा, कारण तपासणारं कोणी नसेल तर तुम्ही तिथे फक्त समाजमाध्यमांवर चित्रं टाकत राहाल.

पहिला आठवडा वाचनात गेला. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण झालेले हिशेब, मागच्या दोन वर्षांची कात्रणं. हिशेब बघून मला झोप यायची. पण पत्रकाराचा पहिला अडचणीचा प्रश्न बहुधा तिथूनच येतो: देणगीतले किती पैसे कामावर जातात आणि किती कार्यालयावर? त्याचं उत्तर तोंडपाठ हवं, आणि खरं हवं.

वाचनापेक्षा जास्त शिकवलं हेल्पलाइनच्या खोलीने. तिथल्या समुपदेशक बाईंच्या शेजारी मी दोन दिवस बसले. फोन करणाऱ्यांची नावं मला कळू नयेत अशी व्यवस्था होती, मी फक्त प्रश्न टिपायचे. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न औषधांचा नव्हता. ‘भांडी वेगळी ठेवायची का?’ हा होता. क्षयरोग हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षयरोग झालेली व्यक्ती खोकते, शिंकते तेव्हा जंतू हवेत जातात. ताट-वाटीतून किंवा हात मिळवल्याने तो पसरत नाही. हे मला पाठ्यपुस्तकी माहितीसारखं ठाऊक होतं. पण घराघरांत कुणाचं तरी ताट वेगळं काढलं जातंय, हे त्या खोलीत कळलं. आमच्या नंतरच्या तीन पत्रकांचे विषय माझ्या त्या वहीतूनच निघाले.

आता माझी चूक. पहिल्याच मोठ्या मसुद्यात मी मथळा दिला होता: ‘जगात दर चौघांपैकी एकाला क्षयरोग’. आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा, स्रोत पक्का, मथळा दणदणीत. संस्थेच्या डॉक्टरांकडून कागद परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द: ‘संसर्ग!’ जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयरोगाच्या जंतूंचा संसर्ग झालेला असतो, असा अंदाज आहे. पण त्यातल्या साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू दबून राहतात, ते आजारी नसतात आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. प्रत्यक्ष आजारी पडलेल्यांचा २०२३ सालचा अंदाज होता सुमारे १ कोटी ८ लाख, आणि मृत्यू साडेबारा लाख. हा आकडा कमी भयंकर आहे का? पण तो माझ्या मथळ्याइतका ‘वाजत’ नव्हता, आणि मला तेच हवं होतं, हे कबूल करते.

अशा चुकीने किती नुकसान होतं, याचं उदाहरण ताईंनी तेव्हाच सांगितलं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका ‘दुप्पट’ होतो, असा इशारा दिला गेला. दुप्पट म्हणजे सात हजारांत एकीऐवजी सात हजारांत दोघी. पण बातम्यांत उरला तो ‘दुप्पट’ हा शब्द. अनेक बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे तेरा हजार जादा गर्भपात झाले असा अंदाज मांडला गेला. तेव्हापासून टक्केवारी दिसली की मी विचारते, कितीपैकी किती?

आकड्यांनंतर शब्द. आपल्याकडे तपासणी व्हायची असलेल्या माणसाला सर्रास ‘संशयित रुग्ण’ म्हणतात. मीही लिहिलं. ताईंनी विचारलं, ‘काय चोरलंय त्याने?’ इंग्रजीतही ‘सस्पेक्ट’ आणि ‘डिफॉल्टर’ हे शब्द याच कारणासाठी टाळावेत, असं स्टॉप टीबी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय मंचाच्या भाषाविषयक मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. ‘डिफॉल्टर’ म्हणजे उपचार अर्धवट सोडणारा. जणू कर्ज बुडवलं! मग आमचं रोजचं काम झालं शब्द शोधायचं. ‘क्षयरोगी’ऐवजी ‘क्षयरोग झालेली व्यक्ती’, ‘संशयित’ऐवजी ‘तपासणीची गरज असलेले’, ‘उपचार सोडून पळाले’ऐवजी ‘उपचार खंडित झाले’. मराठी बातमीला ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ यांची फार सवय आहे. वाक्य थोडं लांबतं आणि बातमीदार ते कधी कधी परत आखडतात. तरी आपल्याकडून जाताना नीट जायला हवं.

यापेक्षा अवघड गोष्ट फोटोची होती, आणि तिच्याबद्दल मला वर्गात कोणीच काही सांगितलं नव्हतं.

एका पोस्टरसाठी उपचार पूर्ण झालेली एक तरुणी बोलायला तयार झाली. नाव बदलायचं, चेहरा दाखवायचा नाही, असं ठरलं. तिने संमतिपत्रावर सही केली. खिडकीकडे पाहत बसलेली, पाठमोरी, हात कठड्यावर, असा फोटो आम्ही घेतला. सुंदर आला होता. पोस्टर लागल्यावर पंधरा दिवसांत तिचा फोन आला. तिच्या कार्यालयातल्या कुणीतरी तिला ओळखलं होतं, मनगटावरच्या घड्याळावरून. निळा पट्टा, त्याच्यावर एक जळल्याचा डाग. चेहरा झाकला की ओळख झाकली, असं आम्ही धरून चाललो होतो.

ती चिडली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. ‘काढता येईल का?’ एवढंच म्हणाली. संकेतस्थळावरून फोटो दहा मिनिटांत उतरला. छापील पोस्टरं मात्र चाळीसेक ठिकाणी गेली होती आणि कुठे कुठे गेली याची यादी कोणी ठेवली नव्हती. मी आणि एक कार्यकर्ता आठवडाभर दवाखान्यांत फोन करत होतो, काही ठिकाणी स्वतः जाऊन भिंतीवरून काढत होतो. मूळ संमतिपत्र मी त्यानंतर परत वाचलं. ‘संस्थेच्या प्रसिद्धीसाठी’ एवढे दोनच शब्द होते. कुठे, किती दिवस, नको वाटलं तर कोणाला सांगायचं, काहीच नाही. चूक फोटोग्राफरची नव्हती की तिची.

म्हणून तुम्हाला कोणी कोरं संमतिपत्र हातात देऊन ‘सही घेऊन ये’ म्हटलं, तर थांबा. समोरच्या माणसाला वापराची जागा दाखवा: हे पोस्टर, एवढ्या आकाराचं, दवाखान्यात, सहा महिने. वर्तमानपत्रात छापलं की परत घेता येत नाही, हे स्पष्ट सांगा. फोटो निवडताना त्यांनाही शेजारी बसवा. घड्याळ, चप्पल, मागची भिंत, पिशवी हे सगळं त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या नजरेने बघा. आणि संस्थेने औषधं दिली, उपचार केले, तिथेच कागद पुढे केला तर ‘नाही’ म्हणणं अवघड असतं, हे लक्षात ठेवा. आम्ही नंतर नियमच केला की विचारायचं उपचार संपल्यावर, आणि उत्तरासाठी दोन दिवस द्यायचे.

निधी उभारणाऱ्या विभागाशी यावरून खटके उडायचे. त्यांना डोळ्यांत पाणी असलेला चेहरा हवा असायचा. त्यांचंही चुकत नव्हतं, पैसे आले नाहीत तर औषधं कुठून येणार? पण खोकून खंगलेला माणूस पुन्हा पुन्हा दाखवला की लोक देणगी देतात आणि शेजाऱ्यापासून दूर सरकतात. हा तिढा मला शेवटपर्यंत सुटला नाही.

पत्रकारांबद्दल थोडक्यात. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली त्याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं होतं. त्या दिवशी प्रत्येक संस्थेचं पत्रक डेस्कवर येऊन पडतं, म्हणून आम्ही आठवडाभर आधी आरोग्याच्या बातमीदारांना एक एक वेगळा विषय सुचवला. एकीला भांड्यांचा, एकाला घरातल्या खेळत्या हवेचा. संध्याकाळी अंक लागत असताना फोन करू नका, मी केला होता, आवाज अजून कानात आहे. पत्रकाच्या विषयाच्या ओळीत ‘प्रसिद्धीसाठी’ असं न लिहिता बातमी लिहा. आणि डॉक्टर त्या दिवशी फोनवर खरोखर उपलब्ध आहेत ना, हे आधी पाहा.

मोजमापाचं एक. कात्रणांचे कॉलम सेंटीमीटर मोजून ‘एवढ्या जागेची जाहिरात केली असती तर इतके लाख लागले असते’ असा हिशेब अनेक ठिकाणी अजून होतो. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं यासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी हा जाहिरात-मूल्याचा हिशेब म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे, असं सरळ सांगितलं आहे. आम्ही हेल्पलाइनचे फोन मोजले. अर्ध्या पानाच्या मुलाखतीनंतर चारच आले. शेवटी हेल्पलाइनचा नंबर दिलेल्या छोट्या चौकटीनंतर दिवसभर फोनची रीघ लागली होती.

अभ्यासक्रमात ज्यांचं नाव मोठ्या आदराने घेतलं जातं त्या एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेटी ओढायला लावून त्याला ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटलं होतं. पैसे तंबाखू कंपनीचे. फुप्फुसांच्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेत बसून ते प्रकरण पुन्हा वाचलं की वेगळंच वाटतं. माझी पसंती एमिली बिसेल या अमेरिकन समाजसेविकेला. १९०७ मध्ये डेलावेअरमधलं एक छोटं क्षयरोग आरोग्यधाम वाचवायला ३०० डॉलर हवे होते. त्यांनी एका सेंटला एक अशी, नाताळच्या पत्रांवर चिकटवायची शोभेची तिकिटं विकायला काढली, फिलाडेल्फियातल्या एका वर्तमानपत्राने साथ दिली आणि सुमारे ३,००० डॉलर जमले. कल्पना त्यांची नव्हे, १९०४ मध्ये डेन्मार्कमधल्या आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याने ती आधी राबवली होती. पण एका सेंटमुळे लहान मुलालाही देणगीदार होता आलं, ही गोष्ट मला कुठल्याही मोहिमेपेक्षा शिकण्यासारखी वाटते.

निघताना अनुभवपत्र घ्याल तेव्हा ‘चांगलं काम केलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती पत्रकं लिहिली, कोणती मोहीम सांभाळली, हे त्यात लिहून मागा. कामाच्या नमुन्यांत रुग्णांचे फोटो आणि गोष्टी ठेवू नका, संमती संस्थेला दिलेली असते, तुमच्या नोकरीच्या अर्जाला नाही. माझ्या फाइलमध्ये भांड्यांवरचं पत्रक आहे आणि लाल रेघेचा तो कागद आहे.

शेवटच्या दिवशी मी ताईंकडे एक वही दिली. कोणाची संमती, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, छापील प्रती कुठे कुठे गेल्या, असे चार रकाने. पहिली नोंद त्या खिडकीच्या फोटोची आहे. चौथ्या रकान्यात एकोणचाळीस दवाखान्यांची नावं आहेत, सगळी खोडलेली. चाळिसावं पोस्टर आम्हाला सापडलं नाही.