मोत्यांची नथ : घडवणे, मांडणे आणि विकणे

घरात बसून हाताने काम करणाऱ्या स्त्रिया सोलापुरात पिढ्यानपिढ्या आहेत. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि तो दर दुसरेच कोणीतरी ठरवते. दागिने घडवण्याच्या छोट्या व्यवसायात मात्र हा दर स्वतःला ठरवता येतो, आणि तो पहिला दागिना विकण्याआधीच ठरवला पाहिजे. म्हणून या लेखात घडवण्याच्या कृतीइतकीच किंमत ठरवण्याची रीतही सविस्तर दिली आहे. सुरुवात नथीपासून करावी, असे माझे मत आहे, कारण तिला भांडवल थोडे लागते, ती लहानशा डबीत मावते आणि तिला गौरी-गणपतीपासून लग्नसराईपर्यंत मागणी असते.

साहित्यात २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची तार सांगाड्यासाठी आणि २८ गेजची, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटरची तार मोती बांधण्यासाठी घ्यावी. गोल तोंडाची पक्कड, चपट्या तोंडाची पक्कड, तार कापण्याचे कटर आणि बारीक कानस एवढी हत्यारे पुरतात. तांब्याची किंवा पितळेची उघडी तार घामाशी संयोग पावून काळपट पडते आणि त्वचेवर हिरवा डाग उठवते. निकेलमुळे अनेकींच्या कातडीला खाज सुटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावात ही बाब गौण नाही. नाकाला टेकणारा भाग शक्य असेल तर चांदीच्या तारेचा करावा, निदान निकेल नसल्याची खात्री देणाऱ्या दुकानदाराकडूनच तार घ्यावी.

मोती आणल्याबरोबर मापाप्रमाणे वेगळे करावेत आणि बारीक तार छिद्रातून दोनदा जाते का, हे पाहावे. मधल्या फुलासाठी एक लाल मणी आणि त्याच मापाचे सहा मोती घ्यावेत. मधला मणी आणि भोवतालचे मोती एकाच मापाचे असले की भोवती बरोबर सहाच बसतात. सहा मोती बारीक तारेत ओवून त्यांचे कडे करावे, तार पहिल्या मोत्यातून पुन्हा काढून ओढून घ्यावी आणि मग मधला मणी आडव्या तारेने बसवावा. त्यानंतर जाड तारेचा सुमारे आठ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन तिला चंद्रकोरीसारखा बाक द्यावा आणि फूल तिच्या एका टोकाशी तीन-चार घट्ट वेढे देऊन बांधावे. तिथून पुढे एक मोती ओवायचा, तो बाकाच्या बाहेरच्या कडेला टेकवायचा, तारेचा एक वेढा द्यायचा आणि पुढचा मोती घ्यायचा. वेढा सैल पडला तर त्याच वेळी उलगडून पुन्हा द्यावा, कारण एक सैल मोती पुढची सगळी ओळ वाकडी करतो. शेवटचे टोक कापल्यावर ते मोत्यांच्या आतल्या बाजूला दाबून टाकावे. त्यावरून बोट फिरवल्यावर काही टोचले, तर ती नथ विकण्यायोग्य झालेली नाही.

न टोचलेल्या नाकात घालायची, जिला बाजारात प्रेसची नथ म्हणतात, तिच्यात सारे कौशल्य चापात असते. तारेचे उरलेले टोक अरुंद वळवून त्याच्या दोन बाजूंमध्ये नाकपुडी अलगद धरली जाईल एवढीच फट ठेवावी आणि टोके कानसेने घासून गोल करावीत. तयार नथ स्वतः किंवा घरातल्या कोणी तीन-चार तास घालून, घरकाम करून पाहावी. चाप सरकतो की रुततो, हे आरशासमोर दोन मिनिटे उभे राहून समजत नाही. ही चाचणीची नथ विक्रीत मिसळू नये.

आता किंमत. समजा, एका नथीला चाळीस रुपयांचे साहित्य लागले, डबी आणि कार्ड यांचे दहा रुपये झाले आणि घडवायला पाऊण तास गेला. तासाची मजुरी ऐंशी रुपये धरली तर हाताचे साठ रुपये होतात. प्रवास, स्टॉलचे भाडे, वाया गेलेली तार आणि पुढे करून द्यावी लागणारी दुरुस्ती यांसाठी वीस रुपये धरले की नथ एकशे तीस रुपयांना पडते. दुकानदाराला ती दीडशेपेक्षा कमी दराने देऊ नये, आणि थेट ग्राहकाला दोनशे ते सव्वादोनशे रुपयांना विकावी. आपण दोनशेला विकतो तीच नथ दुकानदारानेही त्याच सुमारास विकावी, असा हा हिशेब आहे. कित्येक जणी साठ रुपयांची ती ओळ हिशेबातून गाळतात, ‘वेळ तर घरचाच आहे’ असे म्हणतात आणि नथ शंभराला देतात. अशा वेळी विक्री वाढेल तसा तोटा वाढत जातो आणि शेजारच्या कारागिरणीचाही दर पडतो. घासाघीस करणाऱ्या ग्राहकाला सूट द्यायचीच असेल तर ती दोन नथींवर द्यावी.

मांडणीसाठी खाली सोलापुरी चादर अंथरण्याचा मोह होतो. चादर सुंदर असते, पण तिच्या ठसठशीत नक्षीत बारीक मोती हरवतात. त्याऐवजी इरकली साडीच्या काठाआतल्या अंगासारखे साधे, गडद कापड घ्यावे. पिवळ्या दिव्याखाली पांढरे मोती जुनाट दिसतात, म्हणून पांढरा दिवा लावावा. प्रत्येक नथ कार्डावर उभी ठेवावी, किंमत ठळक लिहावी, कारण विचारायला संकोचणारी ग्राहक न विचारताच पुढे जाते. आरसा बसलेल्या नव्हे, उभ्या बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर असावा. नाकाला लावून पाहण्यासाठी एक-दोन नमुने वेगळे ठेवून ते दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावेत. सोलापुरातल्या होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल घेणार असाल, तर काचेचे झाकण असलेली पेटी हवीच. तिथली धूळ तासाभरात मोत्यांवर बसते.

जानेवारीतल्या या यात्रेबरोबरच संक्रांतीचे हळदीकुंकू येते. तेव्हा वाणासाठी पन्नास रुपयांच्या आतल्या, एकसारख्या वस्तू डझनाने मागितल्या जातात. त्यासाठी नथ नव्हे, साधी मोत्याची कुडी किंवा साडीपिन करावी. नवरात्रात तेलुगू घरांतून बतुकम्मा या फुलांच्या सणासाठीही खरेदी होते. काळ्या मण्यांच्या माळा जवळ ठेवल्या आणि भाव मराठीबरोबर तेलुगू-कन्नडमध्ये सांगता आला, तर शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागातली ग्राहक अधिक मोकळेपणाने बोलते. मागणीनुसार घडवायच्या दागिन्याचे अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत आणि नमुन्याचा फोटो, मोत्यांचा रंग व देण्याची तारीख व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती करून घ्यावी, कारण बँकेत व्यवसायाचे कागद मागितले की ती उपयोगी पडते. मुलामा दिलेल्या दागिन्याला सोन्याचा म्हणू नये. कार्डावर ‘पितळेवर मुलामा’, ‘काचेचे मोती’ असे जे असेल ते स्पष्ट लिहावे. त्याखाली पाणी, अत्तर आणि केसांचा स्प्रे यांपासून दागिना दूर ठेवण्याची सूचना द्यावी, आणि मोती निखळल्यास किती महिन्यांपर्यंत विनामूल्य बसवून दिला जाईल, तेही लिहावे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक नथीची वहीत नोंद करावी : कोणत्या जागी सुटली, कोणत्या तारेची होती, किती दिवस टिकली. त्या नोंदी पाहूनच पुढच्या खेपेची तार आणि वेढ्यांची संख्या ठरवावी.