पेरूची रोपं लावण्याआधी

जूनच्या पावसावर पेरू लावायचा असेल तर एप्रिलमध्येच तयारीला लागा. आधी माती तपासून घ्या. पेरू कसल्याही रानात येतो म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या रानात मुळ्या कुजतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून द्यायचा ताणही नीट बसत नाही. निचऱ्याचं मध्यम रान निवडा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून ते उन्हात चांगले तापू द्या, मग शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घालून भरा.

अंतर ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: छाटणी वेळेवर करणार का? ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात, ३ बाय २ वर साडेसहाशेच्या पुढे. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून दाट बागेत छाटणी चुकली की दोन-तीन वर्षांत नुसतं रान माजतं. छाटणीला माणसं मिळत नसतील तर मोकळं अंतरच बरं. वाण बाजार बघून घ्या. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला सरदार, म्हणजे एल-४९, अजूनही भरवशाचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोपं. माझ्या पहिल्या बागेची रोपं दिसायला तजेलदार होती, म्हणून मुळ्या न बघताच लावली. दुसऱ्या वर्षी पानं तांबूस पडली, वाढ थांबली. एक झाड उपटलं तर मुळीवर मण्यांची माळ ओवावी तशा गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळीत शिरणारे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कृमी, रोपवाटिकेच्या मातीतूनच रानात आले होते. त्यांनी मुळीला जखमा केल्या की मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते, आणि एकदा रानात शिरलेला सूत्रकृमी पुरता निघत नाही. म्हणून पैसे देण्याआधी चार-पाच पिशव्या फाडा, मुळ्या बादलीत हलक्या हाताने धुवा, उजेडात धरा. एकाही रोपावर गाठ दिसली तर सगळी गाडी परत पाठवा. फाडलेल्या पिशव्यांचे पैसे भरावे लागले तरी भरा. आणि आधी त्या रानात वांगी, टोमॅटो किंवा भेंडी असेल तर तिथल्या मुळ्याही उपटून बघा. हे सूत्रकृमी त्या पिकांवरही पोसतात. आंतरपीक म्हणून झेंडू चालेल, ही पिकं नकोत.

ठिबकच्या नळ्या रोपं यायच्या आधी अंथरून, पाणी सोडून बघा. फळमाशीच्या नरांना ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे सापळे आणि फळांना घालायच्या फोमच्या जाळ्या पहिल्या बहाराला लागतील, त्यांचा खर्च आजच हिशेबात धरा. फळ लिंबाएवढं झालं की जाळी चढवायची असते. ते काम आठवड्यावर लांबलं तर माशी आधी पोहोचते, तेव्हा गावातल्या बायकांशी मजुरीचं आधीच बोलून ठेवा.