फॅमिली ट्रेलर घ्यायचाय? आधी गाडीचं दार उघडा

बहुतेक लोक आधी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, बघायला जातात, आतला किचन ओटा आणि मुलांचे बंक बेड बघून तिथंच मन अडकतं आणि मग घरी येऊन विचार करतात की आपली गाडी हे ओढेल का. हे उलटं करा. सुरुवात गाडीपासून.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर बऱ्याच गाड्यांमध्ये एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं (नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा). हा पेलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती टोइंग कपॅसिटी, म्हणजे गाडी किती वजन ओढेल ते, पण खऱ्या आयुष्यात फॅमिलीचा पेलोडच आधी संपतो, कारण ट्रेलरचा पुढचा भाग हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) जो भार टाकतो, म्हणजे टंग वेट, तोही गाडीच्याच पेलोडमधून जातो.

आता कागद-पेन घ्या. समजा टोइंग कपॅसिटी ३००० किलो आणि पेलोड ६०० किलो आहे. दोन मोठे, दोन मुलं मिळून २१५ किलो, डिकीतलं सामान ८५, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (स्प्रिंग बार लावून हा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा हिच) ४०. उरले २६०. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट साधारण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं, १३ धरलं तर २६० किलोत बसणारा ट्रेलर झाला २००० किलोचा. तीन हजारातले हजार इथंच गेले! हिचची स्वतःची मर्यादा वेगळी असते, तीही बघायची, आणि सगळ्यात जो आकडा कमी तोच आपला.

हा आकडा ट्रेलरच्या रिकाम्या वजनाशी लावू नका हं. त्या वजनात बऱ्याचदा बॅटरी, गॅस सिलिंडर, एसी धरलेले नसतात आणि पाणी तर नसतंच, १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. भांडी, अंथरुणं, खुर्च्या वेगळ्या. म्हणून ट्रेलरच्या प्लेटवर जे कमाल भरलेलं वजन लिहिलंय त्यावरच हिशोब करा, म्हणजे मग कधी जास्त सामान भरलं तरी धाकधूक नाही.

लांबीचंही तसंच. छोट्या व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या) गाडीमागे लांब ट्रेलर लावला की शेजारून मोठा ट्रक गेला तरी मागून गाडी हलवल्यासारखी होते. एकदा आम्ही ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली लटकवल्या, मागचं वजन वाढलं तसं हिचवरचं कमी झालं आणि उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरवरून (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं ड्रायव्हरजवळचं यंत्र) हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तेव्हापासून जड सामान ॲक्सलच्या थोडं पुढे आणि खाली, हे मी कधीच चुकवत नाही. ब्रेक कंट्रोलर नसेल तर बसवून घ्या, यात काटकसर नको.

मग आता खुशाल ट्रेलर बघायला जा, पण सगळ्यांना घेऊन. मुलांना बंकवर झोपायला लावा, टेबलाचा बेड करून बघा आणि तो उघडा असताना रात्री टॉयलेटला जाता येतं का ते बघा. स्लाइड-आउट (थांबल्यावर बाहेर सरकवून जागा वाढवायचा भाग) असेल तर तो बंद ठेवून फ्रिजपर्यंत पोचता येतं का, कारण वाटेत थांबल्यावर भूक लागतेच. जमलं तर तसाच ट्रेलर दोन रात्री भाड्याने घ्या.

घेतल्यावर पहिल्या ट्रिपला पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. आधी सगळ्यांना बसवून नुसती गाडी तोला, मग ट्रेलर जोडून, हिचचे स्प्रिंग बार न लावता, फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून तोला, दोन्हीतला फरक म्हणजे तुमचं खरं टंग वेट. ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या खाली आलं तर थोडं सामान पुढे सरकवा आणि परत तोला.