पोटावर व्रण नसेल तेव्हा

सर्जरीच्या रेसिडेन्सीला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पोट फुगलंय, उलट्या होतायत, दोन दिवस संडास नाही, वारा सरत नाही, म्हणजे आतडं कुठेतरी अडलंय, असा पेशंट कॅज्युअल्टीत आला की आपली नजर आधी जुन्या ऑपरेशनचा व्रण शोधते. व्रण दिसला की 'अ‍ॅडहेशन' (ऑपरेशननंतर आत चिकटलेले पट्टे) लिहिलं जातं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. व्रण नसलेल्या पोटाला मात्र वेळ द्यावा लागतो.

माझ्या पहिल्या वर्षी एक आजी आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, वजन जेमतेम पस्तीस किलो. रायल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेली नळी) हिरवट पाणी येत होतं, उभ्या एक्सरेत लहान आतड्यातल्या हवा-पाण्याच्या पातळ्यांच्या पायऱ्या दिसत होत्या. दोन्ही जांघा तपासल्या, गाठ कुठेच नव्हती. आजी उजवा पाय सारखा पोटाशी घ्यायच्या. "बाळा, पाय सरळ नको करू. मांडीतून कळ जाते पार गुडघ्यापत्तूर." मी ते वाताचं दुखणं समजलो आणि केसपेपरवर लिहिलंसुद्धा नाही. सकाळच्या राउंडला मॅडमनी तोच पाय हलक्या हाताने सरळ केला, बाहेर नेला, मांडी आत वळवली. आजी कळवळल्या.

ही हाउशिप-रोमबर्गची खूण. सीटीत पेक्टिनियस आणि ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस या स्नायूंच्या मध्ये आतडं अडकलेलं दिसलं. हा ऑब्ट्युरेटर हर्निया, म्हणजे कमरेच्या हाडातल्या भोकातून आतडं मांडीकडे शिरणं. तो इतका खोल असतो की बाहेरून गाठ सहसा हाताला लागतच नाही. म्हातारपणी अंग झडतं, त्या वाटेतली चरबीही जाते आणि आतडं तिथे शिरून शेजारची नस दाबतं. म्हणून दुखतं मांडीत. माझ्यामुळे रात्र वाया गेली होती. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. आजी चालत घरी गेल्या, पण तो न लिहिलेला गुडघा मी विसरलेलो नाही.

व्रण नसताना आतडं अडण्याची आणखीही कारणं असतात. पित्ताचा खडा आतड्यात उतरून अडकतो, तेव्हा दुखणं येतं-जातं, कारण खडा पुढे सरकत असतो. एक्सरेत पित्तनलिकांमध्ये हवा दिसते का ते बघा. रेडिओलॉजिस्ट रिग्लर यांनी 1941 मध्येच हे सांगून ठेवलंय. मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं, तर टोकाशी गाठ असणार असं धरूनच चला. लहान मुलासारखं हवा भरून सोडवायला जाऊ नका.

आपल्याकडे टीबी कधीच विसरू नका. "पोटात गोळा फिरतो, मग गुरगुरून मोकळं होतं," असं पेशंट महिनोन् महिने सांगत असतो. छातीचा एक्सरे स्वच्छ असला तरी पोटात टीबी असू शकतो. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) अगदी तसाच दिसतो, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी तुकडा तपासायला मिळतोय का ते बघा.

रक्तातलं लॅक्टेट (आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की वाढू शकतं) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. थांबून थांबून येणारी कळ सलग झाली, नाडी वाढली, तर रात्री दोनला सीनियरना उठवा.

सीटीच्या फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' लिहू नका. 'आधी ऑपरेशन नाही, उजव्या मांडीत कळ' असं लिहा आणि स्कॅन मांडीच्या वरच्या भागापर्यंत घ्यायला सांगा. आमच्या आजींचं आतडं अगदी खालच्या काही चित्रांतच दिसलं होतं.